एकच रकाना

सुखदेव,

मागच्या रविवारी तुझ्या पुण्यानुमोदनाला रामाकोन्याच्या विहारासमोर मांडव टाकला होता. माझं नाव पुकारलं गेलं. "केंद्राचे निवृत्त ग्रंथपाल मनोहरभाऊ दोन शब्द बोलतील." मी उठलो. तुझ्या मेव्हण्याने माइक माझ्या उंचीला आणून दिला. समोर तुझ्या पत्नी शांताबाई बसल्या होत्या, पदर सारखा करत. मी म्हणालो, सुखदेव गुणी माणूस होता, सगळ्यांशी गोडीने वागायचा, ग्रंथालयाच्या कामात त्याची मला फार मदत व्हायची. लोकांनी माना हलवल्या आणि मी खाली बसलो.

मदत! सहा वर्षांपूर्वी मी हाच शब्द एका कागदावर लिहिला होता. त्या कागदाने तुझं काय केलं, हे तुला ठाऊक होतं आणि मला ठाऊक होतं. तू गेल्यावर तरी खरं बोलावं, तर तोंडात पुन्हा तोच शब्द आला. इतका सवयीचा झाला होता तो.

म्हणून हे लिहितो आहे. मांडवात जे सांगायला हवं होतं, ते. गावातल्या लोकांना तू संत्र्याच्या संशोधन केंद्रातला, रोपवाटिकेत कलमं बांधणारा एवढाच माहीत आहेस. बाकीचं त्यांना कळू नये अशी व्यवस्था मीच केली होती.

आपल्या सौंसरच्या केंद्रातलं ग्रंथालय म्हणजे एक खोली, चार कपाटं आणि मी. जगभर संत्र्यावर काय लिहिलं जातं ते सगळं विकत घेणं आपल्याला कुठून जमणार? आपल्यालाच काय, नागपूरच्या मोठ्या ग्रंथालयालाही जमत नव्हतं. म्हणून सगळ्यांनी मिळून एक सोय केली होती. परदेशातून दिल्लीला लेखांच्या नोंदी भरलेल्या कॉम्प्युटरच्या फिती येत. आपण आपले विषय एकदा लिहून कळवायचे. मग दर महिन्याला दिल्लीच्या मशीनमधून आपल्या विषयांची यादी निघायची आणि नागपूरमार्गे आपल्याकडे यायची, दोन्ही कडांना भोकं पाडलेल्या लांबरुंद कागदावर. यादीतला एखादा लेख हवा असेल तर मी नागपूरला चिठ्ठी पाठवायची. तो देशात ज्या ग्रंथालयाकडे असेल तिथून त्याची झेरॉक्स पोस्टाने यायची. एकाचं ते सगळ्यांचं. तुला ही सोय फार आवडायची. मला वाटतं, ती पगारी ग्रंथपालांपैकी कोणालाच तुझ्याइतकी आवडली नसेल.

यादी आली की केंद्राच्या साहेबांकडे पाठवण्याआधी मी तिच्यावर एक काम करत असे. मथळे इंग्रजीत छापलेले असत, पण शेवटी कंसात मूळ लेखाची भाषा असे. जपानी, स्पॅनिश, पोर्तुगीज, रशियन. असे मथळे मी पट्टी धरून लाल पेन्सिलीने खोडायचो. साहेबांचा वेळ वाचावा म्हणून. हे मला कोणी सांगितलेलं नव्हतं. माझ्याआधीचे ग्रंथपाल खोडत, म्हणून मीही खोडत होतो.

तू रोपवाटिकेतून कलमांच्या पाट्या लिहायला शाई मागायला आला होतास. हाताला मातीच होती. टेबलावर पसरलेली यादी बघत उभा राहिलास.

"भाऊ, हे खोडलं काऊन?"

"अरे, थे आपल्याले वाचता येत नाही."

"आपल्याले मंजे कोनाले?"

"साहेबाले. मले. तुले येते का?"

"आजच्याले नाही येत," तू म्हणालास, आणि बोट न टेकवता एक खोडलेली ओळ वाचलीस. रंगपूर लिंबावरच्या कलमांची मूळकूज, ब्राझील, पोर्तुगीज. "आता पाहा. रंगपूर आपल्या इकडचा, आन् लिहून राहिले ब्राझीलवाले. आन् आपन त्याच्यावर लाल रेघ मारून राहिलो."

मी हसलो. शाईची दौत दिली आणि विसरून गेलो.

पुढे दोन-तीन महिन्यांनी कळलं, की तू दर रविवारी बसने पांढुर्ण्याला जातोस. स्टेशनाच्या मागे एक निवृत्त गार्ड राहत होते, गोव्याचे फर्नांडिसकाका. त्यांची शाळा पोर्तुगीज अमलात झालेली. त्यांच्याकडे शिकवण्याजोगं पुस्तक म्हणून एक जुनं प्रार्थनेचं पुस्तकच होतं. तेच घेऊन ते तुला शिकवू लागले.

"बुद्धाचा मानूस मी," तू सांगायचास, "आन् येशूच्या प्रार्थना पाठ करून राहिलो. माफी मागाची सारी वाक्यं येतात भाऊ आता मले. पन झाडाची साल कशी सोलाची थे नाही येत. एखांद्या पापी मानसानं संत्रं लावलं असन त सांगा, बरोबर लिहून देतो."

गोटमारीला दोन गावं एकमेकांवर दगड फेकतात, त्या दिवशीसुद्धा तू चुकवलं नाहीस. दुसऱ्या दिवशी मी रागावलो तर म्हणालास, "सावरगावकडून गोटे येऊन राहिलते, पांढुर्ण्याकडून जाऊन राहिलते, आन् मी आन् म्हातारा खिडकी लावून क्रियापदं चालवून राहिलतो. आमच्यापाशी कोनी येते का?"

दीड वर्ष गेलं. एके दिवशी तू मला म्हणालास, ती रेघ मारलेली यादी काढा, त्यातल्या रंगपूरच्या लेखासाठी नागपूरला चिठ्ठी लिहा. मी लिहिली, खरं सांगतो, गंमत म्हणून. झेरॉक्स आली. पावसाळा संपेपर्यंत तू तिच्याशी झटत होतास. फर्नांडिसकाकांना झाडाचे शब्द येत नव्हते आणि तुला व्याकरण पुरत नव्हतं. दोघं मिळून एकेक वाक्य ओढून काढत होतात. झाडाचं काही अडलं की तू रोपवाटिकेत जाऊन प्रत्यक्ष करून बघायचास आणि मग शब्द ठरवायचास. नागपूरहून कोरा कागद मागवायला मी टाळाटाळ केली, म्हणून रद्दीत टाकलेल्या जुन्या याद्या नेल्यास, त्यांच्या कोऱ्या बाजू दुमडून दोऱ्याने वह्या शिवल्यास. त्यांत मराठीत अनुवाद लिहिलास. आपल्या बोलीतलं मराठी, पण किती स्वच्छ! कलमाचा सांधा जमिनीपासून वीतभर उंच हवा. पाणी देताना खोडाला दोन आळी करावीत, म्हणजे पाणी मुळांना पोचेल पण खोड ओलं राहणार नाही. डिंक गळू लागलेली साल खरवडून मोरचूद-चुन्याचं बोर्डो मलम लावावं. वाचताना वाटायचं, एखादा बागवान बांधावर बसून सांगतो आहे.

नंतरचे दिवस माझ्या नोकरीतले सगळ्यांत चांगले दिवस होते. हे मी तुला कधी बोललो नाही. पाच वाजले की तू हातपाय धुऊन यायचास. तू वाचायचास आणि मी त्याचं इंग्रजी करायचो, कारण दिल्लीच्या व्यवस्थेत इंग्रजी किंवा हिंदी अनुवादच चालत असे. आपण भांडायचो. तू "वीत" म्हणायचास, मी "सहा इंच" लिहायचो. तू माझा पंजा टेबलावर पसरून पट्टीने मोजलास. "नऊ भरते भाऊ. तुमच्या इंग्रजाचा हात लहान होता का?" शिपाई खोलीला कुलूप लावायला येऊन उभा राहायचा. आपण त्याला दोनदा परत पाठवायचो.

आता कार्डाचं सांगतो.

त्या व्यवस्थेत एक चांगला नियम होता. कोणत्याही ग्रंथालयात एखाद्या परदेशी लेखाचा अनुवाद झाला, की एक छापील कार्ड भरून अनुवादाच्या प्रतीसह नागपूरला पाठवायचं. नागपूर मूळ कार्ड ठेवून त्याची नक्कल दिल्लीला पाठवी आणि दिल्लीत त्याची मशीनमध्ये नोंद होई. म्हणजे दुसऱ्या कोणाला तोच लेख हवा झाला तर त्याने पुन्हा खपायला नको. आपला अनुवादच त्याला मिळावा. मी तुला हे सांगितलं तेव्हा तू ते कार्ड हातात घेऊन उलटसुलट पाहिलंस. मग म्हणालास, "मंजे आपन सौंसरात लिहिलं, थे आसामात कोनी वाचन?"

कार्डावर लेखाचं नाव, मूळ भाषा, अनुवादाची भाषा, अनुवादकाचं नाव आणि त्याची अर्हता असे रकाने होते. अनुवादकाच्या नावाला एकच रकाना. मी तिथे माझं नाव लिहिलं.

पुढे मी तुला आणि स्वतःलाही सांगत आलो, की रकाना एकच होता, इंग्रजी तर मी केलं होतं, आणि अर्हतेपुढे तुझं मॅट्रिक लिहिलं असतं तर दिल्लीवाल्यांनी अनुवादावर विश्वास ठेवला नसता. हेही सांगत आलो, की त्या वेळी तुझं नाव लिहायचं मला सुचलंच नाही. ते खोटं आहे. सुचलं होतं. त्या रकान्यात पेन टेकवून मी थांबलो होतो. तिथे शाईचा एक ठिपका पडला. साहेबांच्या नात्यातल्या एखाद्या पदवीधराने हे काम केलं असतं, तर रकाना कितीही लहान असता तरी मी त्याचं नाव समासात का होईना, लिहिलंच असतं. तू रामाकोन्याच्या बौद्धवाड्यातला, हाताला माती असलेला. ठिपक्यापुढे मी माझं नाव लिहिलं, त्याचं कारण हे आहे. दुसरं कारण मला इतक्या वर्षांत सापडलेलं नाही.

तीन महिन्यांनी नागपूरला सभासद ग्रंथालयांची सभा झाली. सौंसरसारख्या ठिकाणी पोर्तुगीज जाणणारे ग्रंथपाल आहेत, असं म्हणून मला पुढे बोलावलं आणि शाल दिली. मी काहीच बोललो नाही, आणि न बोलण्याला लोक विनय समजले. एकाने आग्रह धरला, एखादं वाक्य पोर्तुगीजमधून बोला. मला काय येत होतं? तू काम करता करता पुटपुटायचास त्यातला एक तुकडा कानात राहिला होता. "मिन्या कुल्पा," असं मी म्हटलं. टाळ्या पडल्या.

सौंसरला आल्यावर हे मी तुला हसत हसत सांगितलं. शाल पिशवीतच ठेवली होती, तरी तुला ती दिसली. तू आधी इतका हसलास की खुर्ची धरून बसलास.

"भाऊ, सभेत म्हनलं तुम्ही हे? सगळ्यायच्या समोर?"

"हो. काऊन?"

"अर्थ ठाऊक हाय का? 'माहा अपराध.' छाती ठोकून म्हनाची प्रार्थना हाय थे."

मग तुझं हसू थांबलं. "शाल कायची दिली जी?" तू विचारलंस. मी सांगितलं. "मंग कार्डावर तुमचंच नाव लिहिलं का?"

"एकच रकाना होता सुखदेव."

तू मान हलवलीस. "असन," म्हणालास. जरा वेळाने म्हणालास, "मंग पुढच्या कार्डावर माहं लिहा. एका आड एक. चालन ना?"

चालन, मी म्हणालो. आणि पुढच्या कार्डावर माझंच नाव लिहिलं. त्याच्या पुढच्यावरही. शाल घेतलेल्या माणसाला दुसऱ्याचं नाव लिहिणं पहिल्यापेक्षा अवघड जातं. एकूण सात अनुवाद झाले. तू प्रत्येक वेळी विचारलं नाहीस. पहिल्या दोनदा विचारलंस, मग सोडून दिलंस.

आसामातून खरंच एक पोस्टकार्ड आलं होतं. तिकडच्या एका रोपवाटिकेतल्या अधिकाऱ्याचं. आपला अनुवाद वाचून आम्ही कलमं उंचावर बांधू लागलो, साध्या शब्दांत इतकं नेमकं लिहिलेलं आम्ही वाचलं नव्हतं, असं त्यात होतं. पत्ता माझा, नाव माझं. तू बाहेर रोपं मोजत होतास. खिडकीतून दिसत होतास. हाक मारायची तेवढी उरली होती. मी ते कार्ड खणात, जुन्या शिक्क्यांच्या डब्याखाली ठेवलं.

नंतर ती जागा निघाली. नागपूरच्या ग्रंथालयात परदेशी भाषांसाठी अनुवाद सहायक. शिक्षणाची अट सैल होती, फक्त उमेदवाराच्या नावे तीन अनुवादांची नोंद हवी. जाहिरात मीच तुला दाखवली, इतका मी बेफिकीर झालो होतो. वाचताना तुझा चेहरा बघितला तेव्हा माझ्या लक्षात आलं, मी काय दाखवलं ते.

"भाऊ, सातातले तीन माह्या नावावर करून द्या ना," तू म्हणालास. इतकंच. तुझ्या आवाजात तक्रार नव्हती. बाजारात ओळखीच्या माणसाकडे पिशवी धरायला द्यावी तसं म्हणालास.

मी म्हणालो, "आता कसं होईन? नोंद मशीनमध्ये गेली. कॉम्प्युटरात गेलेलं नाव निघत नाही."

"नाही निघत?"

"नाही ना बाप्पा. थे मशीन हाय, माणूस नाही, विनंती कराले."

मला हे ठाऊक होतं का? नव्हतं. मी कोणाला विचारलंही नव्हतं. नागपूरला एक पत्र टाकलं असतं तर आठ दिवसांत कळलं असतं. पण विचारलं असतं तर काय विचारतो आहे हेही लिहावं लागलं असतं, आणि मग शाल, सभा, टाळ्या सगळं निघालं असतं. माझ्या निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं. मला भीती वाटली की लोक हसतील. सुखदेव, तुझी नागपूरची नोकरी एवढ्याशा भीतीपायी गेली.

त्याऐवजी मी तुला एक शिफारसपत्र दिलं. श्री. सुखदेव यांनी अनुवादाच्या कामी मला वेळोवेळी मदत केली, असं त्यात होतं. तू ते अर्जाला टाचलंस. महिनाभराने अर्ज परत आला, सोबत छापील चिठ्ठी: उमेदवाराच्या नावे एकही अनुवाद नोंदलेला नाही. तू ती चिठ्ठी माझ्या टेबलावर ठेवलीस. मला दाखवायला नव्हे, पाट्या मोजताना हात मोकळे हवे होते म्हणून. जाताना उचलून नेलीस.

त्यानंतर तू पोर्तुगीजचं नाव काढलं नाहीस. रविवारी पांढुर्ण्याला मात्र जात राहिलास. फर्नांडिसकाकांचे डोळे गेले होते, आणि आता तू त्यांना ते प्रार्थनेचं पुस्तक वाचून दाखवत होतास. हे मला त्यांच्या शेजाऱ्याकडून कळलं.

मी निवृत्त झालो. तुझं येणं थांबलं नाही. मृग बहराची पहिली संत्री दर वर्षी तू घरी आणून द्यायचास. माझी बायको म्हणायची, किती जीव लावतो हा माणूस तुम्हाला. मी संत्रं सोलत राहायचो. दर वर्षी ठरवायचो, या खेपेला बोलू. तू चहा पिऊन उठायचास, चपला घालायचास, आणि मी म्हणायचो, "बस मिळेल ना?"

सौंसरच्या दवाखान्यात शेवटचं भेटलो तेव्हा कावीळ तुझ्या डोळ्यांत उतरली होती. तू विचारलंस, "भाऊ, यादी येते का अजून?" मी म्हणालो, आता मला कुठलं ठाऊक. तू म्हणालास, "येत असन. थो नवा ग्रंथपालबी रेघाच मारून राहिला असन." आणि हसलास. मी म्हणालो, आराम कर. उद्या येतो म्हणालो. दुसऱ्या दिवशी गेलो नाही, तिसऱ्या दिवशी निरोपच आला.

आता त्या रविवारचं. जेवणं झाल्यावर शांताबाईंनी मला आत बोलावलं. कापडात बांधलेलं एक गाठोडं माझ्यापुढे ठेवलं. "हे तुमच्या दफ्तराचे कागद हायेत जी, घेऊन जा. थे म्हनत, हे भाऊचे हायेत, समायून ठेवाचे."

तुझ्या सात वह्या होत्या. घरी आणून मी त्या उघडल्या. कागद जुना झाला आहे, पलीकडची छपाई उमटून दिसते. तुझ्या निळ्या अक्षरांच्या मागून माझ्या लाल रेघा दिसत होत्या. जे मी खोडत होतो त्याच्याच पाठीवर तू लिहीत होतास. हे मला तेव्हा, रोज समोर बसूनही, दिसलं नव्हतं.

प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर तू पट्टीने कार्डाचा नमुना आखला आहेस. हुबेहूब. लेखाचं नाव, मूळ भाषा, सगळे रकाने. अनुवादकाचाही एकच रकाना. पण त्या रकान्याच्या मधोमध तू एक आडवी रेघ ओढली आहेस. वर लिहिलं आहेस, "पोर्तुगीजमधून मराठी: सुखदेव लहानूजी, रामाकोना." खाली, "मराठीतून इंग्रजी: मनोहरभाऊ, सौंसर." सातही वह्यांत असंच. पहिल्या वहीतही, म्हणजे शालीच्या आधीपासून. रकाना एकच असला तरी दोन माणसं त्यात मावतात, हे तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. माझं नाव तू वगळलं नव्हतंस. "भाऊ"सकट लिहिलं होतंस.

परवा मी नागपूरला गेलो. पहिल्या बसने. मोठ्या ग्रंथालयात आता माझ्या ओळखीचं कोणी नाही. अनुवादांच्या नोंदी सांभाळणाऱ्या एका बाई होत्या, तिशीतल्या. मी म्हणालो, जुन्या सात नोंदींत नाव चुकलं आहे, पण त्या तर मशीनमध्ये गेलेल्या, आता काही होत नसेल.

"काऊन नाही होणार काका?" त्या म्हणाल्या. "दुरुस्तीचं कार्ड असते ना. आम्ही दिल्लीला पाठवतो, थे बदलून टाकतात. दर महिन्याला पाच-सात जातात."

"पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून. फक्त ज्यानं मूळ कार्ड भरलं त्याची सही लागते."

त्यांनी खणातून मूळ कार्डं काढून माझ्यापुढे ठेवली. पहिल्या कार्डावर माझ्या नावाआधी तो शाईचा ठिपका होता.

दुरुस्तीची सात कार्डं मी भरली. अनुवादकाच्या रकान्यात मधोमध रेघ ओढली, वहीत आहे तशी. आधी वाटलं होतं, माझं नाव काढूनच टाकावं. पण तू लिहिलेलं खोडण्याचं काम मी पुष्कळ केलं आहे. तू ठेवलं होतंस तसंच ठेवलं, तुझं वर, माझं खाली. बाईंनी मूळ कार्डावरचं जुनं नाव खोडायला लाल पेन्सिल दिली. पट्टीही दिली. सात रेघा मारल्या.

शेवटचा रकाना होता, दुरुस्तीचं कारण. मी थांबलेला बघून त्या म्हणाल्या, "लेखनदोष लिहा काका. सारे तेच लिहितात."

किती सोपं होतं! मदत, तसंच लेखनदोष. माझा हात पहिल्या अक्षरावर गेलाही होता. मग मी लिहिलं: अनुवाद कोणी केला हे ठाऊक असताना मी माझे नाव लिहिले होते. सातही कार्डांवर तेच लिहिलं. बाईंनी वाचलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा वाचलं. शिक्के मारले आणि कार्बन प्रती माझ्या हातात दिल्या. सगळ्याला अर्धा तासही लागला नाही.

परतताना मी सौंसरला उतरलो नाही. तसाच पुढे रामाकोन्याला गेलो. शांताबाई अंगणात तुरी पाखडत होत्या. निवृत्तीच्या वेळी खणातून घरी आणलेलं आसामचं पोस्टकार्ड मी सकाळीच खिशात घातलं होतं. ते त्यांना दिलं, कोणाचं आहे आणि कुठे होतं ते सांगितलं. मग कार्बन प्रती दिल्या.

"काय लिहिलं हाय जी यात?"

मी वाचून दाखवलं. कारणाचा रकानाही वाचला.

"त्यायचं नाव कुठं हाय?"

मी बोट ठेवलं. त्यांनी माझं बोट बाजूला करून तिथे आपलं ठेवलं. सूप गुडघ्यावर तसंच होतं.

"मंग हे तवाच काऊन नाही केलं?" त्यांनी विचारलं. "अर्ज वापस आल्ता तवा? थे दोन दिवस जेवले नव्हते जी."

मी म्हणालो, "सही लागत होती."

"कोनाची?"

"माही."